उभ्या गाडीचा ब्रेक

मोटारगाडी बरीच वर्षे उभी राहिली की तिच्या बॅटरीची आणि टायरांची काळजी सगळेच करतात. परंतु नवी बॅटरी बसवून, टायरांत हवा भरून आणि इंजिन सुरू करूनही गाडी जागची हलत नाही, तेव्हा कुठे ध्यानात येते की चाके आतून धरलेली आहेत. गॅरेजच्या बोलीत याला ब्रेक जाम होणे म्हणतात, आणि हा बिघाड इतर बिघाडांहून एका बाबतीत वेगळा आहे. इंजिन बिघडले म्हणजे ते आपले काम करत नाही, दिवा गेला म्हणजे तो उजेड देत नाही. जाम झालेला ब्रेक मात्र नेमून दिलेले कामच करत असतो, फक्त ते करण्याची आज्ञा कोणी दिलेली नसते आणि ते थांबवण्याची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच त्याच्या दुरुस्तीत जोर लावण्यापेक्षा चाक नेमके कशाने धरून ठेवले आहे हे ओळखण्याला अधिक महत्त्व असते, आणि जुनी गाडी जपणे म्हणजे काय हा प्रश्न या अडलेल्या चाकापाशी जितका स्पष्ट होतो तितका तो रंगकामात किंवा क्रोमच्या चकाकीत होत नाही.

या विषयाचा विचार नागापूरच्या संदर्भात करणे स्वाभाविक आहे. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्यालगत, सीना नदीच्या काठाचे हे गाव आज मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाल्यानंतर राज्यात ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांपैकी ही एक, आणि तिच्यामुळे लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि बिडाचे ओतकाम यांची जाण असलेली माणसे या परिसरात पिढीजात म्हणावी इतकी रुळली आहेत. शहराचा वाहनांशी संबंध तर त्याहून जुना आणि खोल आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, त्या केंद्राने १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय येथे आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था येथे आहे, आणि १९७२ साली बाजारात आलेली लुना ही छोटी मोपेड ज्या कायनेटिक कंपनीची, तिचा कारखानाही याच शहराच्या परिसरात उभा राहिला. ज्या गावात सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून लष्करी कार्यशाळेपर्यंत चाक हाच रोजीरोटीचा विषय आहे, तेथे शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडे लोक केवळ आठवण म्हणून पाहत नाहीत; ती पुन्हा चालवता येईल का, असाच प्रश्न ते विचारतात.

अशी गाडी महाराष्ट्रात बहुतेक वेळा प्रीमियर पद्मिनी असते. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना चालला, आणि इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारातून फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची रचना होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची झाली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची असल्याने आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. खासगी पद्मिनी मात्र गावोगावी अजून आहेत: बंगल्याच्या मागच्या पत्र्याखाली, कांदाचाळीच्या एका टोकाला, किंवा भावाभावांच्या वाटणीत कोणाच्याच हिश्शाला स्पष्टपणे न आलेल्या जुन्या वाड्याच्या अंगणात. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, आणि पद्मिनीच्या आरंभीच्या गाड्यांनी आता हे वय गाठलेले असल्याने त्यांना पुन्हा चाकांवर आणण्याची इच्छा वाढते आहे. ही इच्छा जिथे पहिल्यांदा अडते ती जागा म्हणजे ब्रेक.

अडण्याचे कारण समजण्यासाठी ब्रेकची रचना थोडक्यात पाहावी लागते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे, पातेल्यासारखे खोलगट भांडे. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्याच्या तबकडीवर, म्हणजे बॅकप्लेटवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूस घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनिंग, चिकटवलेले किंवा रिव्हेट मारून बसवलेले असते. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो, आणि बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो या पास्कलच्या सतराव्या शतकातील सिद्धांतानुसार तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या छोट्या व्हील सिलिंडरमध्ये जातो, तेथील दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमला घासून चाक थांबवतात. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास द्रवदाबावर चालणाऱ्या अशा ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना बसला. त्याआधी बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांनाच ब्रेक असत, आणि अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ठेवलेली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी ज्या सिल्व्हर घोस्ट या गाडीवर बेतलेली आहे, तिलाही १९२० च्या दशकापर्यंत पुढे ब्रेक नव्हते. या रचनेत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही: ब्रेक लावण्याचे काम माणसाच्या पायाचे बळ करते, पण ब्रेक सोडण्याचे काम केवळ दोन स्प्रिंगांवर सोपवलेले असते. लावताना लागणारी ताकद मोठी आणि सोडताना उपलब्ध असणारी ताकद अगदी बेताची, ही विषमता गाडी रोज चालत असताना जाणवत नाही. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तीच निर्णायक ठरते.

उभ्या गाडीत सर्वप्रथम काम करतो तो गंज. बीड आणि ओलावा एकत्र आले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते आणि त्याचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहूनही अधिक भरते; लायनिंग सच्छिद्र असल्याने ते ओल धरून ठेवते, आणि हँडब्रेक ओढून गाडी उभी केलेली असेल तर शू आणि ड्रम यांच्यातील जागाच उरत नसल्यामुळे हा फुगणारा गंज दोघांना सांधून टाकतो. नागापूरचा परिसर पर्जन्यछायेतला, वर्षाला सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पावसाचा, त्यामुळे कोकणातील किंवा मुंबईतील खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा येथील गाडी सुरक्षित राहील असा समज असतो आणि पत्र्याच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण ड्रमच्या आतील हवा बाहेरच्या हवेइतक्या वेगाने बदलत नाही. उभी करण्यापूर्वी गाडी धुतली असेल तर त्या धुण्याचे पाणीच आत कोंडून राहते, आणि हिवाळ्यातील थंड रात्री व तापणारे दिवस यांच्या फेऱ्यात थंड बिडावर बाष्प पुन्हा पुन्हा साकळते. म्हणजे गाडी ज्या दिवशी स्वच्छ करून, हँडब्रेक ओढून, काळजीपूर्वक झाकून ठेवली जाते, त्याच दिवशी तिचे चाक जाम होण्याची पूर्वतयारी पूर्ण होते. पूर्वीचे चालक गाडी बराच काळ उभी करायची असेल तर ती गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा किंवा दगड लावत आणि हँडब्रेक मोकळा सोडत, त्यामागे हेच शहाणपण होते.

गाडी कोणत्या जागी उभी आहे यालाही महत्त्व असते, आणि याचे एक उदाहरण धातुशास्त्राच्या इतिहासात नोंदलेले आहे. ब्रिटिश फौजेची भारतातील पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली असता त्यांना आपोआप चिरा पडत. या चिरांचे कारण बरीच वर्षे उलगडले नव्हते, आणि १९२१ साली झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पितळातील अंतर्गत ताण यांच्या एकत्रित परिणामाने ते तडकत होते. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या जिथे एकमेकींना जोडल्या जातात तिथे पितळी टी-जोड आणि नट वापरलेले असतात, आणि ते घट्ट आवळलेले, म्हणजे ताणाखाली, असतात. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये दहा-पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीचे हे जोड म्हणूनच केवळ पुसून समाधान मानू नये. ते उजेडात, भिंगाखाली पाहावेत, आणि चिरेची नुसती शंका आली तरी बदलावेत.

गंज हे कारण डोळ्यांना दिसते, पण जाम होण्याची बरीच प्रकरणे ब्रेक ऑइलच्या बाजूने उद्भवतात. ब्रेक ऑइल म्हणून जो द्रव वापरला जातो तो खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायन आहे आणि हवेतील पाणी शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यानंतर तो १४० अंशांवर आला तरी मानकाला चालतो, यावरून पाण्याचा परिणाम किती मोठा असतो हे दिसते. चालत्या गाडीत हे पाणी ब्रेक ऐनवेळी निकामी करू शकते. उभ्या गाडीत ते व्हील सिलिंडरच्या तळाशी साठते, कारण तोच संपूर्ण रचनेतला सखल भाग असतो, आणि तेथील बिडाच्या भिंतीला खड्डे पाडते. अनेक गाड्यांत सिलिंडर बिडाचा आणि दट्ट्या अ‍ॅल्युमिनिअमचा असतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी आले की अ‍ॅल्युमिनिअम पांढऱ्या पुडीच्या रूपाने झिजू लागते आणि त्या पुडीने दट्ट्या जागीच आवळला जातो. हा दट्ट्या बाहेर आलेल्या अवस्थेत अडकला, तर शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगांना त्याच्यापुढे काहीच करता येत नाही.

याहून फसवी असते ती रबरी नळी. चाक वरखाली होते आणि पुढचे चाक वळतेही, म्हणून लोखंडी नळी चाकाच्या अलीकडेच थांबते आणि शेवटचा वीतभर प्रवास रबरी नळीतून होतो. वय झाले की ही नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिचे छिद्र केसाइतके उरते. पेडल दाबताना पायाच्या बळामुळे द्रव त्या छिद्रातून पलीकडे जातो, पण परत येण्यासाठी मागे केवळ स्प्रिंगांचे बळ असल्याने तो तेथेच अडतो, आणि ब्रेक एकदा लागला की सुटत नाही. मास्टर सिलिंडरमध्येही एक मिलिमीटरहून बारीक असे छिद्र असते, ज्यातून पेडल सोडल्यावर जास्तीचा द्रव टाकीत परततो. गाळाने ते बुजले, किंवा पेडलला मोकळा खेळ ठेवण्याचे राहून गेले, तर चारही चाके एकदम धरली जातात. हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजून अडकणे हे आणखी एक कारण आहे, आणि लुनासारख्या केबलच्या ब्रेकवर चालणाऱ्या मोपेडी ज्यांनी हयातभर दुरुस्त केल्या त्या मिस्त्रींना ते सांगावे लागत नाही.

या सगळ्या कारणांचा विचार न करता जो उपाय ग्रामीण भागात सर्रास केला जातो तो म्हणजे गाडीला दोर किंवा साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढणे. उपाय झटपट आहे, ट्रॅक्टर दारातच असतो, आणि बहुतेक वेळा मोठा आवाज होऊन चाक सुटतेही; म्हणूनच त्याच्या विरोधात ठामपणे बोलणे आवश्यक आहे. गंजाने सांधलेला शू आणि ड्रम यांच्यातील सर्वांत दुबळा दुवा गंज नसतो, तर लायनिंग आणि शू यांना जोडणारा, कित्येक वर्षांचा कोरडा पडलेला चिकट थर असतो. ओढताना तोच तुटतो, लायनिंग ड्रमला चिकटून राहते आणि शू उघडा पडतो. चाक फिरते आहे म्हणून गाडी सुटली असे समजून ती चालवली, तर सुट्या झालेल्या लायनिंगचा तुकडा ड्रम आणि शू यांच्या फटीत पाचरीसारखा अडकू शकतो, आणि भर वेगात एकच चाक अचानक धरले जाणे हा उभ्या गाडीच्या जाम ब्रेकपेक्षा कितीतरी भयंकर प्रकार आहे. मागचे चाक अडलेले असताना ओढल्यास डिफरन्शिअलच्या दात्यांवर आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो, बिडाचा ड्रम तडकू शकतो, आणि पद्मिनीचा चांगला ड्रम आता दुकानात मागून मिळणारी वस्तू राहिलेली नाही. याशिवाय आणखी एक नुकसान होते जे मोजता येत नाही: चाक कोणत्या कारणाने अडले होते, याचा पुरावाच त्या एका हिसक्यात नष्ट होतो.

तो पुरावा हाती राहावा म्हणून काम चाकापासून नव्हे तर एका छोट्या निपलपासून सुरू करणे इष्ट असते. गाडी सपाट जागी असल्याची खात्री करून, इतर चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावून, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक खाली करून, अडलेले चाक जॅकवर उचलावे आणि गाडीचा भार लोखंडी स्टँडवर घ्यावा. नागापूरच्या काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी ठेवल्याशिवाय यातले काहीही करू नये. बॅकप्लेटच्या मागे, व्हील सिलिंडरच्या माथ्यावर, हवा काढण्याचा निपल असतो आणि तो जवळजवळ नेहमीच गंजलेला असतो, म्हणून त्याच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडून, दुसऱ्या दिवशी सहा बाजूंच्या नेमक्या मापाच्या पान्याने तो आधी किंचित आवळावा आणि मग सोडावा. आवळण्याच्या त्या लहानशा हालचालीने गंजाचा थर फुटतो आणि निपल मोडण्याचा धोका कमी होतो. निपल सुटताच काळपट द्रव जोराने उडाला आणि चाक हाताने फिरू लागले, तर दोष द्रवाच्या वाटेत, म्हणजे रबरी नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे, हे एका क्षणात कळते. द्रव नुसता ओघळला किंवा काहीच आले नाही आणि चाक तसेच राहिले, तर दोष ड्रमच्या आत आहे. एवढ्या साध्या तपासणीने पुढच्या दोन दिवसांच्या कामाची दिशा ठरते, आणि तरीही ती वगळून थेट हातोडी हाती घेतली जाते, याचे वाईट वाटते.

हातोडीची वेळ येते ती यानंतर. ज्या गाड्यांत बॅकप्लेटच्या मागून फिरवता येणारा अ‍ॅडजस्टर आहे, तेथे तो आधी पूर्ण मागे घ्यावा लागतो. कारण वापराने ड्रमला आतून चर पडलेला असतो, बाहेरच्या कडेला झीज न झालेली एक कड उरलेली असते, आणि शू त्या चरात बसलेला असल्याने गंज सुटला तरी ड्रम त्या कडेवर अडतो. त्यानंतर ड्रमच्या मधल्या छिद्राभोवती आणि नटांच्या मुळाशी तेल सोडून, ते झिरपायला वेळ देऊन, लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने ड्रमच्या तोंडावर, कडेच्या पातळ भागावर नव्हे, गोलाकार फिरत ठोके द्यावेत. ठोक्याचा उद्देश ड्रम बाहेर काढण्याचा नसतो; बिडातून जाणाऱ्या कंपनाने गंजाच्या थरात बारीक भेगा पाडणे एवढाच असतो. आरंभी आवाज बद्द येतो, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा, कारण ड्रम, शू आणि बॅकप्लेट हे सगळे एकसंध झालेले असते. ठोके देत राहिले की एका बाजूचा आवाज बदलतो, मग दुसऱ्या बाजूचा, आणि अखेर बिडाचा स्वतःचा मोकळा नाद ऐकू येऊ लागतो. अनुभवी मिस्त्री या आवाजावरच थांबतो आणि चाक हाताने पुढे-मागे, आधी अंगठाभर आणि मग वीतभर, हलवून पाहतो. एका दिवसात आवाज बदलला नाही तर पुन्हा तेल सोडून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो आळस समजला जाऊ नये.

ड्रम निघाल्यावर आतल्या भागाची जी अवस्था दिसते ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी असते. ड्रमच्या चकाकत्या पृष्ठभागावर शू ज्या जागी टेकून राहिला होता तेथे लायनिंगच्या नेमक्या आकाराचा गडद तपकिरी पट्टा उमटलेला असतो, रिव्हेटच्या छिद्रांच्या जागी पट्ट्यात तितकीच वर्तुळे दिसतात, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी साठून राहिले, तिथे गंज सर्वाधिक खोल गेलेला असतो. गाडी कोणत्या स्थितीत थांबली, हँडब्रेक ओढलेला होता की नव्हता, पाणी कोणत्या बाजूने आले, हे सगळे त्या पट्ट्यावरून वाचता येते. त्याच वेळी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस हा तंतुमय खनिज पदार्थ वापरलेला असे, त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेल्यास कालांतराने कर्करोग होऊ शकतो, आणि म्हणून ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची जी पद्धत गॅरेजांतून दिसते ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. धूळ पाण्याने ओली करून, फडक्याने टिपून, ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हे काम बहुधा गॅरेजमधील सर्वांत लहान मुलाच्या वाट्याला येते, ही त्यातील सर्वांत चिंतेची बाब आहे.

ड्रम लेथवर लावून हलका हात फिरवला की पट्टा निघतो, परंतु ड्रमचा व्यास ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही, कारण पातळ ड्रम तापल्यावर लवकर विस्तारतो आणि ब्रेक मऊ पडतो. नागापूरच्या वसाहतीत हे काम करू शकणारे लेथ आणि हात दोन्ही उपलब्ध आहेत, ही या गावाची जमेची बाजू. कारखान्यात हजारो नगांच्या अचूकतेची सवय झालेला टर्नर एका जुन्या ड्रमवर मिलिमीटरचा शंभरावा भाग काळजीने काढतो, तेव्हा औद्योगिक कौशल्याचा असा उपयोग होताना पाहणे आनंदाचे असते. व्हील सिलिंडरच्या बाबतीत निर्णय अधिक कठीण असतो. आतील भिंतीवर नुसते डाग असतील तर बारीक दगडाने होनिंग करून, म्हणजे फिरत्या दगडाने पृष्ठभाग एकसारखा घासून, नवे रबरी कप घालून तो वाचवता येतो. नखाला लागेल असा खड्डा असेल तर कपाच्या ओठाखालून द्रव गळणारच, आणि अशा वेळी आत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बाही बसवणे किंवा सिलिंडरच बदलणे एवढेच मार्ग उरतात. हे सुटे भाग धुण्यासाठी पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल वापरण्याचा मोह टाळावा लागतो. खनिज तेलाचा अंश राहिला तरी ब्रेकचे रबर फुगते, आणि मोठ्या कष्टाने सोडवलेला ब्रेक काही आठवड्यांत पुन्हा त्याच जागी धरला जातो. धुण्यासाठी ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरावे, आणि एक चाक जाम निघाले असले तरी चारही चाकांच्या रबरी नळ्या बदलाव्यात, कारण त्या एकाच वयाच्या असतात.

येथे जतन या कल्पनेविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. संग्रहालयातील वाहने स्थिर असणे योग्यच असते. अहिल्यानगरच्या संग्रहालयातील रणगाडे पाहणाऱ्याला त्यांचा आकार, चिलखताची जाडी आणि इतिहास यांचे दर्शन घडवतात, आणि ज्या वाहनाला वळण्यासाठीसुद्धा एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लावावा लागतो त्याच्या ब्रेकचे महत्त्व त्यांच्या शेजारी उभे राहिल्यावर समजते. खासगी गाडीच्या बाबतीत मात्र झाकून ठेवणे म्हणजे जपणे हा समज तपासून पाहिला पाहिजे. द्रव पाणी शोषत राहतो, रबर आकसत राहते, गंज वाढत राहतो. यांपैकी एकही प्रक्रिया गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही, उलट उभी आहे म्हणूनच त्यांना अवसर मिळतो. महिन्यातून एकदा गाडी दोन-चार किलोमीटर चालवणे, वेग घेऊन ब्रेक चांगला तापेल इतका दाबणे, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणे, एवढे केले तर वर वर्णन केलेल्या कामापैकी बहुतेक काम कधी करावेच लागत नाही. वडिलांची गाडी म्हणून ताडपत्रीखाली श्रद्धेने ठेवलेल्या आणि आतून गंजत चाललेल्या अशा अनेक गाड्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या मालकांना कोणी हे वेळेवर सांगितले असते तर त्या आज रस्त्यावर असत्या.

सर्व भाग पुन्हा बसवल्यावर नळ्यांतील हवा काढावी लागते, कारण द्रव दाबला जात नाही पण हवा दाबली जाते, आणि नळीत बुडबुडा राहिला तर पायाचे बळ चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडील उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत सहसा मागच्या डाव्या चाकापासून, सुरुवात करून एकाने पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने निपल उघडून लगेच बंद करायचा, असे काचेच्या बाटलीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत करावे लागते. टाकीतील द्रव या दरम्यान संपला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तो रंगावर सांडला तर रंग उचलतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवावी. पेडल कडक आणि उंच लागले, सोडताच चारही चाके हाताने मोकळी फिरली, आणि कोणत्याही जोडाजवळ ओल दिसली नाही, म्हणजे गाडी जमिनीवर उतरवण्यास हरकत नसते.

पहिली चाचणी मुख्य मनमाड रस्त्यावर, ट्रकांच्या रहदारीत, घेऊ नये. वसाहतीतील अंतर्गत रस्ते सकाळी लवकर मोकळे असतात आणि ते या कामाला पुरेसे आहेत. पहिल्या शंभर-दोनशे मीटरांत पायी चालण्याच्या वेगात ब्रेक लावून पाहावा, गाडी एका बाजूला ओढते का हे स्टीअरिंगवर हलका हात ठेवून तपासावे, आणि मग हळूहळू वेग वाढवत तीन-चार किलोमीटर गाडी चालवून ती ब्रेक न दाबता, आपसूक थांबू द्यावी. थांबल्यावर लगेच चारही चाकांजवळ हाताचा मागचा भाग नेऊन, स्पर्श न करता, उष्णतेचा अंदाज घ्यावा. चारही ड्रम सारखेच कोमट असतील तर काम झाले; एखादा इतरांहून गरम लागला, तर त्या चाकाचा ब्रेक अजून पुरता सुटलेला नाही, आणि ते चाक पुन्हा उघडावे लागते.